पिप इन्स्टॉल झालं, पण पॅकेज चालेना

प्रश्न: पायथॉनमध्ये एक छोटं पॅकेज लिहिलं आहे. माझ्याकडे ते नीट चालतं. सहकाऱ्याकडे पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) इन्स्टॉल झालं, पण चालवल्याबरोबर ‘यामल’ मॉड्यूल सापडत नाही असा एरर आला. रिक्वायरमेंट्स.टीएक्सटीमध्ये तर मी ते लिहिलं होतं.

उत्तर: ती फाइल पिप आपणहून उघडत नाही, कुणी ‘-आर’ देऊन सांगितलं तरच वाचतो. पॅकेज बसवताना तो व्हीलच्या (बसवायला तयार असलेल्या पॅकेज-फाइलच्या) आतली मेटाडेटा नावाची फाइल बघतो. तिथे प्रत्येक डिपेंडन्सीची (तुमच्या पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजची) ‘रिक्वायर्स-डिस्ट’ अशी एक ओळ असते. या ओळी पायप्रोजेक्ट.टॉमलमधल्या ‘प्रोजेक्ट’ विभागातल्या ‘डिपेंडन्सीज’ यादीतून तयार होतात, तेव्हा नाव तिथेच घाला.

मात्र यादीत ‘यामल’ लिहू नका. इम्पोर्ट करताना ते नाव चालतं, पण पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतो त्या सार्वजनिक साठ्यात) पॅकेजचं नाव ‘पाययामल’ आहे. तसंच ‘पीआयएल’साठी ‘पिलो’ आणि ‘सीव्ही२’साठी ‘ओपनसीव्ही-पायथॉन’. इम्पोर्टचं नाव डोळे झाकून लिहिलं, तर त्याच नावाचं भलत्याचंच पॅकेज लोकांच्या मशीनवर उतरू शकतं. ही चूक खरोखर घातक आहे.

तुमच्याकडे चाललं, कारण पाययामल दुसऱ्याच कामासाठी कधीतरी बसवलेलं होतं. म्हणून तपासणी कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजं वेगळी ठेवणाऱ्या स्वतंत्र जागेत) करा. व्हील बिल्ड करा, तिथे फक्त तेवढीच बसवा आणि सोर्सच्या फोल्डरबाहेर जाऊन पॅकेज चालवा. त्याच फोल्डरमध्ये राहिलात, तर व्हीलऐवजी शेजारचा सोर्सच इम्पोर्ट होऊ शकतो. ‘पिप चेक’वर मात्र विसंबू नका. जाहीर केलेल्या डिपेंडन्सी जागेवर आहेत का एवढंच तो बघतो. लिहायची राहिलेली त्याला कळणार कशी?

प्रश्न: व्हर्जन ‘==’ने पक्की करावी का?

उत्तर: इतरांनी वापरायच्या लायब्ररीत नको. तुम्ही रिक्वेस्ट्स ==२.३१.० लिहिलं आणि शेजारच्या पॅकेजला >=२.३२ हवं असलं, तर दोन्ही एकत्र बसणारच नाहीत. पिप हात टेकतो. तुम्ही वापरलेलं फीचर ज्या व्हर्जनपासून आलं, ती खालची मर्यादा द्या आणि त्या सर्वांत जुन्या व्हर्जनवर एकदा टेस्टही चालवा. पक्क्या व्हर्जन स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनच्या लॉक फाइलमध्ये (नेमक्या व्हर्जन नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) शोभतात.

‘~=’ वापरताना आकडे मोजा. ~=२.२ म्हणजे २.२पासून पुढे, पण ३च्या आत. ~=२.२.१ लिहिलंत की २.३सुद्धा बाद.

पायथॉनची अट ‘रिक्वायर्स-पायथॉन’मध्ये >=३.१० अशी लिहावी आणि वरची मर्यादा टाळावी. ती घातली तर नव्या पायथॉनवर पिप ती मर्यादा नसलेलं तुमचं जुनं रिलीज शोधून तेच बसवतो. एखादी डिपेंडन्सी जुन्या पायथॉनपुरतीच हवी असेल, तर मार्कर, म्हणजे ती कधी लागेल ते सांगणारी अट, लावा. टॉमल फाइल वाचणारं टॉमलिब ३.११पासून पायथॉनमध्येच आहे, म्हणून तेच काम करणाऱ्या टॉमली या वेगळ्या पॅकेजच्या नावापुढे अर्धविराम देऊन ‘पायथॉन_व्हर्जन < "३.११"’ ही अट जोडायची. (आकडे फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत.)

प्रश्न: नम्पाय (आकडेमोडीचं पॅकेज) बसवलेलं आहे, तरी बिल्ड करताना ते सापडत नाही म्हणतो.

उत्तर: पिप बिल्ड वेगळ्या, तात्पुरत्या एन्व्हायर्नमेंटमध्ये करतो, तुमचं नम्पाय तिथे दिसत नाही. ‘बिल्ड-सिस्टम’ विभागातल्या ‘रिक्वायर्स’मध्ये सेटअपटूल्सच्या (बिल्ड करणाऱ्या साधनाच्या) जोडीला नम्पायही लिहा. चालतानाही लागत असेल, तर ‘डिपेंडन्सीज’मध्ये पुन्हा. दोन्ही याद्या वेगळ्या वेळी वाचल्या जातात.

पायथॉनबाहेरच्या गोष्टी या याद्यांत मावत नाहीत. पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारं सायकोपीजी२ सोर्समधून बिल्ड करायला सी कंपायलर आणि पोस्टग्रेसची ‘पीजी_कॉन्फिग’ लागते. पिप त्या आणून देत नाही. डेबियन किंवा उबंटूवर ‘लिबपीक्यू-डेव्ह’ आधी बसवावं लागतं, हे रीडमीमध्ये इन्स्टॉलच्या कमांडच्या वर लिहा. खाली लिहिलं तर लोक ते एरर आल्यावरच वाचतात.