तीन फुटी रीफ टँकमधून पाच फुटी टँकमध्ये मासे आणि कोरल कसे हलवायचे?

तुमचा तीन फुटी खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) एकत्र असलेला टँक, चार वर्षं चांगला चाललाय. आता त्याच हॉलमध्ये, समोरच्या भिंतीला पाच फुटी टँक येतोय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: नवा टँक रिकामाच महिनाभर चालवून सायकल करावा (म्हणजे विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्यावेत) की एका दिवसात सगळं हलवलं तरी चालेल, जुनी वाळू वापरावी का, आणि ओळखीतला एकजण समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेला दगड, स्वस्तात देतोय तो घ्यावा का.

लाइव्ह रॉकचं आधी सांगतो. घेऊ नका. रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच यांनाही, आणि मेलेलं प्रवाळही त्यातून सुटत नाही. समुद्रातून उचललेला दगड बहुतेक वेळा जुन्या प्रवाळाचाच सांगाडा असतो. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी आपण हा छंद ज्या रीफच्या प्रेमापोटी करतो, ती फोडून आपला हॉल सजवायचा हे मला पटत नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, ते तिथेच राहू दे. कृत्रिम किंवा खाणीतला कोरडा रॉक घ्या. आणखी कोरल घ्यायची असतील तर टँकमध्ये वाढवलेल्या सॉफ्ट कोरलचीच कटिंग घ्या आणि विकणाऱ्याकडून पक्कं बिल मागा.

आता मुख्य प्रश्न. माझं उत्तर: एका दिवसात हलवा, पण त्या दिवसाची तयारी दीड महिना आधी सुरू करा.

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते दगडाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, सम्पमधल्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) मीडियावर चिकटून असतात. तुमचे चार वर्षं मुरलेले दगड ओले असतानाच नव्या टँकमध्ये गेले की सायकलही त्यांच्याबरोबरच जाते. मासे तेवढेच, दगड तेवढेच, फक्त पाणी वाढलं. मग रिकामा टँक महिनाभर चालवून काय मिळणार? त्यात अमोनिया नसेल तर जिवाणूंना खायलाच काही नाही. अडचण येते ती दोन गोष्टींनी: सोबत येणारा नवा कोरडा रॉक, आणि जुनी वाळू.

वाळूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती चूक मी केली आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मी दोन फुटीतून तीन फुटीत गेलो तेव्हा जुन्या वाळूत जिवाणू आहेत, ती फुकट कशाला घालवायची, असा विचार करून मगाने उपसून ती तशीच नव्या टँकमध्ये ओतली. मागच्या कोपऱ्यातली वाळू उचलली तेव्हा खाली राखाडी-काळा थर दिसला आणि सडक्या अंड्यांचा वास आला. त्या वासाला मी तिथेच थांबायला हवं होतं. खोल वाळूत ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. शिवाय वर्षानुवर्षांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य तिथे दबलेलं असतं. जागच्या जागी असेपर्यंत त्याचा त्रास नसतो. ढवळलं की सगळं एकदम पाण्यात येतं. रात्री अकराला टेस्ट केली तर अमोनियाचा रंग गर्द हिरवा, म्हणजे प्रमाण खूप जास्त. माझ्याकडे बांगाई कार्डिनलची जोडी होती. या माशात नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि पिल्लं बाहेर पडल्यावरही काही दिवस ती तोंडातच सांभाळतो. तितके दिवस तो काही खात नाही. माझा नर तेव्हा पिल्लं तोंडात घेऊन होता. पहाटे तो कोपऱ्यात तिरका पडला होता, कल्ले भराभर हलत होते, आणि जबडा मात्र त्याने शेवटपर्यंत घट्ट मिटून ठेवला होता. सकाळी गेला. ते मी विसरलेलो नाही, म्हणूनच तुम्हाला एवढं कळकळीनं सांगतोय: जुनी वाळू टाकून द्या. नवी अ‍ॅरागोनाइट वाळू आणा, ती पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. जुन्या वाळूच्या फक्त वरच्या अर्ध्या सेंटीमीटर थरातली वाटीभर घ्या, त्यात बारीक किडे असतात, तेवढे पुरतात.

कोरडा रॉक आत्ताच आणा. एका निळ्या ड्रममध्ये खारं पाणी, पंप आणि हीटर घालून तो सहा आठवडे चालवा. एक कोळंबी कापडात बांधून आत टाकली की तिच्या सडण्यातून अमोनिया मिळतो. सोबत जुन्या सम्पमधला स्पंजचा तुकडा टाका म्हणजे जिवाणू लवकर लागतात. काही कोरड्या दगडांतून फॉस्फेट सुटतं. ते ड्रममध्ये सुटलं तर पाणी बदलून काढता येतं, टँकमध्ये सुटलं तर पुढचे सहा महिने हिरव्या शेवाळाशी झगडावं लागतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की दगड तयार झाला.

वजनाचा हिशोब केला आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही. पाच बाय दोन बाय दोन फूट म्हणजे काठोकाठ ५६६ लिटर. १२ मिलिमीटर काच धरली तर नुसती काच शंभर किलोच्या वर जाते. पाणी, दगड, वाळू, सम्प, स्टँड धरून आकडा एक टनाच्या आसपास येतो, आणि तो सगळा भार जेमतेम एका चौरस मीटरवर. घराचे स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन केलेले असतात. तो आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या वजनासाठी असतो, त्यामुळे याचा अर्थ स्लॅब कोसळेल असा होत नाही. पण टँक खोलीच्या मधोमध नको. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे ठेवा, आणि एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. मी दाखवला. त्याने टँक दुसऱ्या भिंतीला घ्यायला लावला. मला खिडकीजवळ हवा होता, पण ऐकलं.

पाण्यात तुमची एक सोय आहे. दोन्ही टँक एकाच वेळी उभे राहणार असल्यामुळे नवा टँक हेच मीठ कालवायचं भांडं. आधी नळाच्या पाण्याने भरून दोन दिवस गळती बघा. याच वेळी मुद्दाम वीज बंद करा आणि वरून किती पाणी सम्पमध्ये उतरतं ते मोजा. सम्प ओसंडला तर आत्ताच कळू दे, नंतर फरशीवर खारं पाणी नको. मग ते काढून आरओ-डीआय फिल्टरचं पाणी भरा, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य असलेलं. स्वयंपाकघरातल्या आरओचं तीस-चाळीसचं पाणी यासाठी चालत नाही. जुनं पाणी वजा जाता तुम्हाला साधारण ४५० लिटर नवं पाणी लागेल, त्याला सोळा-सतरा किलो मीठ. फिल्टरला इतकं पाणी गाळायला कित्येक तास लागतात, म्हणून आठवडाभर आधी सुरुवात करा. आपल्या पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी कधी पाणी बंद असतं, कधी वीज जाते. त्यामुळे हलवायचा दिवस गुरुवार ठेवू नका, रविवार घ्या.

क्षारता (लिटरमागे मिठाचे ग्रॅम) ३५, तापमान २५-२६, आणि अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची क्षमता) जुन्या टँकएवढी. नव्या मिठाची अल्कलिनिटी बहुतेक वेळा जास्त येते, तपासून घ्या. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ च्या द्रावणाने लावा. मोठा टँक म्हणजे मोठे पंप, जास्त दिवे, जास्त उष्णता. एप्रिलमध्ये पाणी थंड ठेवणारा जुना चिलर पुरेल असं धरून चालू नका. आणि या भिंतीवरच्या सगळ्या प्लगना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. खारं पाणी आणि वीज शेजारी असताना यात काटकसर नको.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी सातला सुरू करा, घरातलं कोणीतरी मदतीला घ्या. अजून काहीही हलवलेलं नसताना, पाणी नितळ असतानाच जुन्या टँकमधलं शंभर-सव्वाशे लिटर पाणी झाकणाच्या क्रेटमध्ये काढून ठेवा. बरेचजण जुनं पाणी घाण म्हणून सगळं ओतून देतात. मी देत नाही. त्यात थोडं नायट्रेट-फॉस्फेट असतं आणि तुमच्या सॉफ्ट कोरलला तेच सवयीचं आहे. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आली की डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर माजू शकतो. तो काढणं शेवाळापेक्षा कितीतरी जड जातं.

मग कोरल. सुटी असतील ती क्रेटमध्ये, दगडाला चिकटलेली असतील ती दगडासकट. लेदर कोरल आक्रसून चिकट स्राव सोडेल, ते साहजिक आहे. झोअँथिड (बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे कोरलसारखे जीव) असलेल्या दगडाला हात लावताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घाला, घरातली लहान मुलं त्या खोलीत नकोत. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असा दगड ब्रशने घासणं, त्यावर गरम पाणी ओतणं, उकळणं, हे कधीही करायचं नाही. त्या वाफेने माणसं अत्यवस्थ झालेली आहेत.

दगड एकेक करून जुन्या पाण्याच्या बादलीत बुडवा, दोन-तीनदा हलवा, आतला गाळ बाहेर पडेल. नंतर लगेच नव्या टँकमध्ये. हवेत ठेवायचा नाही. आतले जिवंत स्पंज (समुद्री जीव) हवा लागली की मरतात आणि नवीन टँकमध्ये अमोनिया होतो तो बरेचदा त्यांच्यामुळे. दगड काचेवर बसवा, वाळू मग भोवतीने घाला. दगड वाळूवर रचला तर खाली उकरणारा मासा तो पाडू शकतो.

मासे सगळ्यात शेवटी. दगड निघालेले असतात, पाणी वीतभर उरलेलं असतं, पळायला जागा नसते. जाळीऐवजी प्लास्टिकच्या मगात हाकलत न्या. टँगच्या शेपटीजवळचा काटा आणि क्लाउनच्या गालावरचे काटे जाळीत अडकतात आणि मासा फाटतो. क्रेटमध्ये एअर स्टोन चालू हवा, वर झाकण हवं. इथेच लोक घाई करतात. नव्या टँकचं तापमान आणि क्षारता पुन्हा एकदा मोजा, जुन्याशी जुळली तर तासन्‌तास थेंब थेंब पाणी मिसळायची गरज नाही, सोडून द्या. क्रम मात्र पाळा. भित्रे आधी, दादागिरी करणारे संध्याकाळी. नव्या जागेत कुणाचीच हद्द ठरलेली नसते, हा फायदा पुन्हा मिळत नाही. टँग आणि डॅमसेल शेवटी. टँकवर पहिल्या दिवसापासून जाळीचं झाकण ठेवा, घाबरलेला रॅस किंवा फायरफिश रात्री बाहेर उडी मारतो.

तुमचं समुद्रफूल, म्हणजे बबल टिप अ‍ॅनिमोन, नव्या जागी दोन-तीन दिवस फिरणार. वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडाला जाळी बसवल्याशिवाय ते आत घालू नका. पंपात चिरलं गेलं तर त्याच्या स्रावाने बाकीचंही जाईल.

त्या रात्री दिवे लावू नका, खायला घालू नका. झोपण्यापूर्वी अमोनिया टेस्ट, सकाळी पुन्हा, मग आठवडाभर रोज. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्याने तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो, म्हणून शंभर लिटर कालवलेलं पाणी बदलायला तयार ठेवा. नवे दिवे जुन्यापेक्षा जोरदार असतील, ३०-४० टक्क्यांवर सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत वर न्या. एकदम प्रखर प्रकाश मिळाला की कोरल आतलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. नव्या रॉकवर आणि वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल) येतील, ते आपोआप जातात, त्यांच्यासाठी कुठलं औषध घालू नका.

मी तीन फुटीतून पाच फुटीत गेलो ते याच क्रमाने. एकही मासा गेला नाही. वाळूच्या त्या रात्रीतून वाचलेली माझी क्लाउनची जोडी पहिले तीन दिवस ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी सम्पमध्ये उतरतं त्या) कोपऱ्यात चिकटून होती. चौथ्या दिवशी मादी पुढे आली आणि माझ्या हाताला चावली. अकराव्या दिवशी रिटर्न पाइपमागच्या काचेवर केशरी अंड्यांचा रुपयाएवढा डाग दिसला, नर शेपटीने त्यावर वारा घालत होता. रोजची अमोनिया टेस्ट मी त्या दिवशी बंद केली.