शंकासमाधान : जुन्या इंग्रजी पत्रांतल्या गाठीभेटी

प्रश्न : १८१०-२० च्या सुमारास इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या जमीनदार घराण्यांनी लिहिलेली पत्रं वाचते आहे. एकाच पानावर आडवं आणि उभं असं दोनदा का लिहीत? 'मॉर्निंग कॉल' दुपारी कसा? आणि पाहुण्या बायका महिना-महिना का राहत? – एक वाचक, सातारा

उत्तर : आडव्या-उभ्या ओळींचं कारण डाकखर्च. तो पत्र घेणाऱ्याने भरायचा, म्हणजे आपल्याकडच्या नॉटपेडसारखा. डाकेचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. १८१२ च्या दरपत्रकात एका कागदाला १५ मैलांपर्यंत ४ पेन्स, ८० ते १२० मैलांना ९ पेन्स. दोन कागद असले की दुप्पट. पाकीटही कागदच धरलं जाई, म्हणून ते कुणी वापरत नसे. मोठा ताव दुमडून चार पानं करायची, तीन भरायची, चौथ्याच्या मधे पत्ता आणि वर-खाली उरलेल्या पट्ट्यांवर पुन्हा मजकूर. तरी बातम्या संपल्या नाहीत तर कागद काटकोनात फिरवून लिहिलेल्यावरच लिहायचं. वाचताना आधी एका दिशेच्या ओळी संपवा, मग पान फिरवा. ओळीखाली पट्टी धरली की डोळा चुकत नाही. मधेच शब्द गायब असतील तर बहुधा तिथे लाखेची मोहोर होती. पत्र उघडताना कागद फाटून तिच्याबरोबर गेला. घरात दुखवटा असला की लाख काळी असे. त्यामुळे पत्र उघडण्याआधीच छातीत धस्स व्हायचं, मग आत फक्त कोंबड्यांची खबर का असेना!

ओळखीतला खासदार असेल तर पत्त्याच्या बाजूवर त्याची सही घेऊन पत्र फुकट जाई. मात्र पत्ता आणि तारीख त्याच्याच हातची हवी, तारीख अक्षरी आणि पत्र त्याच दिवशी टाकलेलं. 'अमुक येईपर्यंत थांबले' असं वाक्य दिसलं तर कारण हेही असू शकतं. १० जानेवारी १८४० ला ही सवलत गेली आणि अर्ध्या औंसाला सरसकट एक पेनी दर आला.

'मॉर्निंग' म्हणजे मुख्य जेवणापर्यंतचा वेळ, आणि गावाकडे ते जेवण चार-पाचला होई. 'सकाळची भेट' असं भाषांतर केलं तर फसाल. अशी भेट पंधरा-वीस मिनिटांची. नव्या शेजाऱ्याकडे आधी घरातल्या पुरुषाने जायचं आणि त्या शेजाऱ्याने काही दिवसांत परतभेट द्यायची. ती टाळली तर ओळख नको, असाच अर्थ. रात्रीच्या जेवणाची आमंत्रणं मात्र पौर्णिमेच्या आसपास असत, कारण रस्त्यांवर दिवे नव्हते.

लांबलचक मुक्कामाचं कारण घोडे. भाड्याची गाडी मैलामागे शिलिंग-दीड शिलिंग घेई. शिवाय दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलायचे, गाडीवानाची बक्षिसी आणि टोलनाके वेगळे. त्यात प्रतिष्ठित घरातल्या अविवाहित मुलीने एकटीने प्रवास करणं शोभत नसे. भाऊ मोकळा होईपर्यंत किंवा कुणाची गाडी त्या वाटेने जाईपर्यंत थांबावं लागे. परतीची तारीख पत्रागणिक बदलते, ती यामुळेच.