कोर्टासाठीचं पत्र आणि बाकीचे कागद

अनेक आशीर्वाद.

समुपदेशनासाठी नौपाड्यातल्या पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळची खोली मिळाली, छान झालं. पाटी करायला टाकण्याआधी एक बघ. आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषदेच्या) रजिस्टरवर नाव नसेल तर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहायचं नाही, ‘समुपदेशक’ लिही. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. औषधाचं तर नावही काढू नकोस, अगदी झोपेच्या गोळीचंसुद्धा.

मग खोली तपास. आत कुणाला तरी नेहमीच्या आवाजात बोलायला सांग आणि तू बाहेर पेशंटच्या खुर्चीत बस. प्लायवूडच्या पार्टिशनमधून शब्द कळत असतील तर बाहेर आवाज करणारा जुना टेबलफॅन लाव. रिसेप्शनच्या वहीत आधीच्या दहा जणांची नावं दिसतात, ती वही तुझ्या पेशंटसमोर यायला नको. जीपेवर ‘अमुक काउन्सेलिंग सेंटर’ असं नाव गेलं की जॉइंट अकाउंटच्या स्टेटमेंटमध्ये सासरच्यांना ते आयतंच वाचायला मिळतं. पैसे कसे द्यायचे, हे म्हणून पहिल्याच भेटीत विचार.

त्याच भेटीत संमतीपत्र. एकच पान, मराठीत, तू स्वतः वाचून दाखवायचं: फी, वेळ, नोंदी कुठे राहतात, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा आणि गुप्तता कधी मोडेल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं; जिवाला धोका असणं हा त्यातला एक. हे समोरच्याने मन मोकळं करण्याआधी सांगायचं. नंतर सांगितलंस तर तो दगाच वाटतो, आणि तसं वाटणाऱ्याची चूक नसते.

अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते. पुराव्याची वाट बघायची नाही. ‘आम्ही घरात मिटवतो’ म्हणणाऱ्या काकांचंही ऐकायचं नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अडचण अशी, की सतरा वर्षांच्या मुलीने राजीखुशीने ठेवलेला संबंधही या कायद्यात बसतो, कारण त्या वयाची संमती तो धरतच नाही. मुलगी बोलत सुटण्याआधी तिला ही मर्यादा माहीत हवी.

आता कोर्टासाठीचं पत्र. घोडबंदरवरून एक आई सात वर्षांच्या मुलाला आणते. चौथ्या भेटीत म्हणते, “मॅडम, दोन ओळी लिहून द्या, मुलगा बापाला घाबरतो म्हणून. वकिलांनी मागितल्यात.” रडतेय, खरंही बोलत असेल. तरी ‘वडील हिंसक आहेत’ हे वाक्य लिहायचं नाही, कारण वडिलांना तू पाहिलेलंच नाहीस. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. दुसरा असेल, मुलाला आणलं कुणी? तुला फार तर एवढंच लिहिता येतं: कुणाच्या विनंतीवरून भेटी झाल्या, कोणत्या तारखांना, मुलगा स्वतः काय म्हणाला (जमेल तितकं त्याच्याच शब्दांत), आणि तू काय तपासलेलं नाहीस. शेवटचं वाक्य लोक गाळतात आणि तिथेच अडकतात. ताबा कुणाकडे असावा यावर मत देणं हे वेगळं काम आहे. ते दोन्ही बाजूंना भेटून करायचं असतं आणि उपचार करणाऱ्याने ते अंगावर घ्यायचं नसतं. आई चिडेल, कदाचित यायची बंदही होईल. त्याला इलाज नाही.

पोलिसांचा किंवा एचआरचा फोन आला तर तो माणूस तुझ्याकडे येतो, एवढंही बोलू नकोस. “लेखी पाठवा,” एवढंच. मग वकिलाला विचार आणि मागितलं तेवढंच दे.

नोंदी त्याच दिवशी लिही. चुकलं तर एक सरळ रेघ, सही, तारीख, व्हाइटनर नको. उद्या पेशंट स्वतः वाचेल असं धरून लिही, नोंदी मागायचा त्याला हक्क आहे. टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ आणि ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा नंबर टेबलाच्या काचेखाली असू दे.

संमतीपत्राचा कच्चा मसुदा झाला की पाठव, लाल पेनाने खुणा करून परत देते.