बायोलॉजीत जोर कुठं द्यायचा?

प्रश्न : खानापुरात आम्ही सगळे बायो-लॉजी असं तोडून म्हणतो, बेळगावच्या क्लासात सर म्हणाले चुकतंय. मग बरोबर काय हो?

उत्तर : तुम्ही ग्रीक बायोस (जीवन) आणि लोगोस (शास्त्र) यांच्या सांध्यावर तोडताय, अर्थासाठी ते ठीकच, पण इंग्रजी उच्चार सांधा बघत नाही, -लॉजी, -ग्राफीवाल्या शब्दांत जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर, म्हणून बाय-ऑ-ल-जी. थर-मॉ-मि-टर पण तसंच. गंमत बघा की, फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफीत 'टॉ'वर, आणि फोटोग्राफिक म्हटलं की 'ग्रा'वर, कारण -इकच्या आधीचं अक्षर जोर ओढतं. हेलिकॉप्टर तर हेलिको, म्हणजे मळसूत्री, अधिक प्टेरॉन, म्हणजे पंख, पण तसं तोडून कोण बोलतंय! मराठीत, कन्नडात जोरानं अर्थ बदलत नाही, त्यामुळं आपल्या कानाला हे जड जातं. वर्गात बायो-लॉजी म्हटलं तर बिघडत नाही, इंग्रजी तोंडी परीक्षेला तेवढं सांभाळा.