गोष्टीतला शोमरोनी

प्रश्न : रस्त्यावरील अपघातात जखमींच्या मदतीला धावणाऱ्यांना संरक्षण देणारे कलम 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आले. त्यात अशा मदतनीसाला 'गुड समॅरिटन' म्हटले आहे. हा समॅरिटन कोण, आणि त्याची गोष्ट केवळ परोपकाराची आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : येशू ख्रिस्ताने सांगितलेली ही गोष्ट त्याचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात येते. समॅरिटन म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस; मराठी बायबलमध्ये त्याला 'शोमरोनी' म्हणतात. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा तोंडपाठ असलेला एक शास्त्री विचारतो, "पण माझा शेजारी कोण?" तेव्हा येशू सांगतो, की यरुशलेमेहून यरीहोला निघालेल्या एका माणसाला लुटारूंनी मारझोड करून, अंगावरचे कपडेही काढून घेऊन, अर्धमेला टाकले. आधी एक याजक आणि मग मंदिराच्या सेवेतला एक लेवी त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. शोमरोनी मात्र थांबला. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, तिथल्या रक्षकाच्या हाती ठेवून वर लागेल तो खर्च परतताना देण्याचे कबूल केले.

जखमी मेलेला असला, तर प्रेताच्या विटाळाने मंदिरातली सेवा करता येणार नाही, या भीतीने याजकाने अंग काढून घेतले, असे समर्थन पुष्कळदा केले जाते. मला ते पटत नाही. ही वाट सुमारे 27 किलोमीटरांत जवळजवळ 1000 मीटर उतरते, आणि याजक 'खाली जात होता' असे लूक लिहितो. म्हणजे यरुशलेम त्याच्या पाठीमागे होते आणि त्याच्यावाचून मंदिरातली सेवा अडणार नव्हती.

याजक आणि लेवी यांच्यानंतर तिसरा कोणी साधा यहुदी येईल, अशीच ऐकणाऱ्यांची अपेक्षा असणार. आला तो शोमरोनी, आणि गोष्टीचे मर्म इथे आहे. मोशेचे पाच ग्रंथ यहुदी आणि शोमरोनी दोघांनाही पूज्य होते, पण शोमरोन्यांची उपासना यरुशलेमेत नव्हे, तर गरिज्जीम डोंगरावर होई. तिथले त्यांचे मंदिर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने उद्ध्वस्त केले होते. हे वैर किती ताजे होते, ते लूकच्या नवव्याच अध्यायात दिसते. शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला थारा नाकारला, तेव्हा त्याच्या दोन शिष्यांनी त्या गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागितली होती. म्हणून 'केवळ परोपकार' हा अर्थ मला अपुरा वाटतो. 'चांगला' हे विशेषणही मूळ गोष्टीत नाही. ते मागाहून जोडले गेले.

शेवटी येशू प्रश्नच फिरवतो : या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्री उत्तर बरोबर देतो, पण 'शोमरोनी' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. "त्याच्यावर दया करणारा तो," एवढेच तो म्हणतो.