अधिसेविकेला विचारा : चार ओळींची सिस्टर आणि दीड पानाच्या प्राचार्य

(या सदराच्या लेखिका नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यातून अधिसेविका, म्हणजे मेट्रन, म्हणून निवृत्त झाल्या. नर्सेसच्या संघटनेच्या शाखेचं काम त्यांनी काही वर्षं पाहिलं आहे.)

प्रश्न : आमच्या शाखेची निवडणूक आहे. अध्यक्षपदाला दोघी उभ्या आहेत. एक नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य, पीएच.डी. झालेल्या, परदेशात पेपर वाचून आलेल्या. दुसऱ्या आमच्याच मेडिसिन वॉर्डाच्या परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, चोवीस वर्षं वॉर्डातच. पत्रकात प्राचार्यांची माहिती दीड पान आहे, आमच्या सिस्टरची चार ओळी. मत कोणाला द्यावं?
– एक अधिपरिचारिका, मानेवाडा

उत्तर : सिस्टर, आधी त्या चार ओळींचं सांगते. वॉर्डातल्या बाईला स्वतःबद्दल लिहायची सवयच नसते. ती जन्मभर दुसऱ्यांचं लिहीत आलेली असते. दहा नंबरचा ताप किती, लघवी किती झाली, सलाईन कधी संपलं. तिला म्हणा, आपली माहिती लिहून दे, तर ती नाव, पद, वॉर्ड आणि मोबाइल नंबर लिहून पेन खाली ठेवते. तेव्हा कागदाच्या लांबीवर जाऊ नका. दीड पानालाही नावं ठेवू नका. कॉलेजात तशीच माहिती मागतात.

वरच्या खुर्चीतली की वॉर्डातली, हे भांडण काही तुमच्या शाखेचं नाही, फार जुनं आहे. १९०५ मध्ये लखनौला पहिली संघटना निघाली ती नर्सिंग सुपरिंटेंडंट बायांची, म्हणजे दवाखाने चालवणाऱ्या युरोपियन मेट्रनांची. साध्या नर्सला घेणारी संघटना १९०८ सालची. १९२२ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि आजची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, आपली टीएनएआय, उभी राहिली. म्हणजे आधी मेट्रनांनी आपलं बस्तान बसवलं, मग बाकीच्यांची आठवण झाली. मी स्वतः मेट्रन होऊन बसले होते, म्हणून एवढं बोलायला मला कोणी अडवणार नाही.

आता माझीच फजिती ऐका. मी शाखेची सचिव असताना डिसेंबरात हिवाळी अधिवेशनावर आमचा मोर्चा होता. सकाळची ड्युटी उरकून पोरी यशवंत स्टेडियमवर जमल्या, अंगात युनिफॉर्म, वर स्वेटर, पिशवीत डबा. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलिसांनी नेहमीप्रमाणे अडवलं. शिष्टमंडळ म्हणून पाच जणींना आत बोलावलं. मंत्रिमहोदयांच्या स्वीय सहायकाने निवेदन हातात घेतलं आणि वर न बघता विचारलं, "ताई, मंजूर पदं किती, भरलेली किती?"

मी वॉर्डात एकोणीस वर्षं काढलेली. रात्री साठ पेशंटांना एकटी पुरी पडलेली. पण आकडा? तोंडातून शब्द फुटेना. "खूप रिक्त आहेत" म्हटलं. तो हसला बाप्पा, आणि निवेदन गठ्ठ्यात सरकवायला निघाला. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर मॅडमनी पर्समधून चौघडी केलेला कागद काढला. वॉर्डवार पदं, हजर किती, प्रसूती रजेवर किती, एका नर्समागे पेशंट किती, सगळं हाताने आखलेलं. तोवर मी त्यांना 'खडूवाल्या बाई' म्हणायचे. त्या दिवसापासून बंद केलं.

म्हणून शिक्षकी पेशातली बाई संघटनेला नको, हे मला पटत नाही. जिनिव्हाला मुख्यालय असलेल्या इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसच्या अध्यक्ष हिरोको मिनामी (२००५ ते २००९) या जपानमधल्या प्राध्यापकच. १९९५ मध्ये कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. त्यानंतर आपत्तीतली शुश्रूषा हा शिकवायचा आणि संशोधनाचा विषय म्हणून उभा करण्यात त्या पुढे होत्या. त्यांच्या आधी, १९८१ मध्ये, त्याच पदावर केनियाच्या युनिस मुरिंगो किरेइनी आल्या. त्या आपल्या देशाच्या मुख्य नर्सिंग अधिकारी, म्हणजे सरकारी खुर्चीतल्या. अध्यक्ष कोणत्या दारातून आली हे बघून तुम्हाला काही कळणार नाही.

मग बघायचं काय? मी तर दोघींना एकेक प्रश्न विचारीन. परिसेविकेला : दिवाळीची ड्युटी लिस्ट करताना तुमच्या जिवलग मैत्रिणीला तुम्ही कधी नाइट लावली का? ज्यांनी लिस्ट केली नाही त्यांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. चौकटीचं रजिस्टर असतं, डावीकडे नावं, वर तारखा, आत एम, ई, एन, म्हणजे मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट. मी पेन्सिलने करायचे आणि महिन्याला एक खोडरबर संपायचा. सात जणी पाहिजेत, चार आहेत, त्यातल्या एकीच्या पोराची दहावी, एकीचे तीन ऑफ बाकी, आणि चौथी रोज आपल्यासोबत डबा खाणारी. त्या चौथीच्या चौकटीत 'एन' लिहिताना हात थांबतो की नाही, तिथे बाई कळते.

प्राचार्यांना विचारायचं : वॉर्डात स्टाफ कमी आहे म्हणून तुमच्या विद्यार्थिनी पाठवा, असा फोन आला तेव्हा तुम्ही कधी नाही म्हणालात का? दुसऱ्या वर्षाच्या पोरींवर अख्खा वॉर्ड सोडून द्यायची सवय आपल्याकडे किती मुरलेली आहे ते मी सांगायला नको. ज्या मॅडमनी असा एक तरी फोन परतवला असेल, त्यांचं दीड पान मी आनंदाने वाचीन.

आणि एक. सगळ्यांचं लक्ष अध्यक्षावर असतं, कारण फोटो तिचा येतो. तुम्ही सचिव आणि खजिनदाराला कोण उभं आहे ते बघा. आमची खजिनदार ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज होती. मॉपची, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्यांची, मोजणी जुळल्याशिवाय ती सर्जनला पोट शिवू देत नसे. मोठमोठे डॉक्टर हात वर धरून उभे राहायचे आणि ही खाली वाकून मोजायची. संघटनेचा हिशेबही तसाच. एकदा मी चाळीस रुपयांच्या चहाची पावती हरवली. तिने ते पैसे माझ्या खिशातून भरून घेतले. तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

प्रश्न : १२ मे रोजी आमच्याकडे दिवे लावून नाइटिंगेल शपथ झाली. भाषणात पाहुण्या म्हणाल्या, नर्सेसची नोंदणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीच सुरू केली. खरं का?
– बी.एस्सी. नर्सिंग, तिसरं वर्ष, हिंगणा रोड

उत्तर : नाही गं. उलट त्या नोंदणीच्या विरोधात होत्या. त्यांचं म्हणणं, चांगली नर्स स्वभावाने आणि वागण्याने होते, तो गुण परीक्षेत कसा मोजणार आणि वहीत कसा लिहिणार? म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण नोंदणी नसेल तर कोणीही पांढरा एप्रन घालून स्वतःला नर्स म्हणवतं. आपल्या शहरातही असे एप्रन मी पाहिले आहेत.

नोंदणीसाठी झगडल्या त्या एथेल गॉर्डन फेनविक. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या त्या चोविसाव्या वर्षी मेट्रन झाल्या, १८८१ मध्ये. चोविसाव्या वर्षी मला मेयो दवाखान्याला जायची बस कोणती हे विचारावं लागायचं! सहा वर्षांनी डॉ. फेनविक यांच्याशी लग्न केलं आणि नोकरी सोडली. त्याच वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी ब्रिटिश नर्सेसची संघटना काढली. १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कौन्सिल निघाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. ब्रिटनमध्ये कायदा व्हायला १९१९ उजाडलं. रजिस्टर उघडलं तेव्हा त्यात पहिल्या क्रमांकावर नाव कोणाचं? बाईंचंच. स्वभाव तसा होता.

अमेरिकेतही असंच. इसाबेल हॅम्प्टन मुळात कॅनडाच्या, आधी शाळेत शिकवत होत्या. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात नर्सिंग शिकल्या, १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग स्कूलच्या प्रमुख झाल्या, १८९४ मध्ये डॉ. रॉब यांच्याशी लग्न करून तिथून बाहेर पडल्या. पुढे ज्या संघटनेला अमेरिकन नर्सेस असोसिएशन हे नाव मिळालं, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष.

दोघींच्या गोष्टीत एक सारखेपणा मला फार उशिरा दिसला. लग्न केलं की मेट्रनची नोकरी जायची. नोकरी गेली म्हणून या दोघींना संघटनेला वेळ मिळाला, आणि घरी डॉक्टर नवरा असल्याने पगाराची चिंता नव्हती. आपल्याकडच्या सिस्टरचं पाहा : नाइट करून आली, डबे केले, दोन तास झोपली, मग शाखेची मीटिंग. दर मीटिंगला कोणीतरी डुलकी घ्यायचंच. आम्ही उठवत नव्हतो.

आणि जाता जाता, ती शपथही नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने लिहिली आणि तिला नाइटिंगेलबाईंचं नाव दिलं. पाहुण्यांना हे सांगायला जाऊ नकोस, अंतर्गत गुण त्यांच्याच हातात असतील.

प्रश्न : माझं वय ३२. पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. लहानपणापासून नर्स व्हायचं मनात होतं. आता सतरा-अठरा वर्षांच्या मुलींसोबत वर्गात बसायचं म्हणजे लोक हसतील, असं आई म्हणते.
– एक वाचक, इतवारी

उत्तर : ताई, तुमची गोष्ट फिनलंडमध्ये एकदा होऊन गेली आहे. सोफी मॅनरहाइम, मोठ्या घराण्यातल्या. पुढे फिनलंडचे मार्शल आणि राष्ट्राध्यक्ष झालेले मॅनरहाइम हे त्यांचे भाऊ. या बाईंनी सहा वर्षं बँकेत नोकरी केली. लग्न झालं, तीन वर्षांत मोडलं. मग पस्तिशी ओलांडल्यावर लंडनला सेंट थॉमस रुग्णालयातल्या नाइटिंगेल स्कूलमध्ये दाखल झाल्या. परत येऊन हेलसिंकीच्या सर्जिकल हॉस्पिटलच्या मुख्य नर्स झाल्या, चोवीस वर्षं फिनलंडच्या नर्सेसच्या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं, आणि १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कौन्सिलच्याही अध्यक्ष.

तुम्हाला मात्र त्यांच्याएवढी सवड नाही. आपल्याकडे जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, प्रवेशाला ३५ ची कमाल मर्यादा आहे. यंदाचं माहितीपत्रक नीट वाचा, बारावीची गुणपत्रिका शोधा आणि याच वर्षी अर्ज भरा. होस्टेलचं पाणी, मेसची पातळ डाळ आणि पहिल्या वर्षीचं बेडपॅन, हे सगळं बत्तिसाव्या वर्षी जड जाईल, खोटं कशाला सांगू? पण इंजेक्शनचा डोस काढताना तुमची आकडेमोड वर्गात सगळ्यांत पक्की असेल. आईला माझा नमस्कार सांगा. हसणारे हसू द्या, रात्री दोनला आयव्ही लावायला ते येणार नाहीत.

प्रश्न : मी मेल नर्स आहे. संघटनेत आम्हाला कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या लावायला बोलावतात. पुरुषाला या क्षेत्रात नेतृत्व मिळतं का?
– एक ब्रदर, धंतोली

उत्तर : मिळतं. केरळचे डॉ. रॉय के. जॉर्ज टीएनएआयचे अध्यक्ष झाले. आंतरराष्ट्रीय कौन्सिलच्या अध्यक्षपदी १८९९ पासून बायका चालत आल्या, तिथे २०२५ मध्ये स्पेनचे होसे लुईस कोबोस सेरानो आले. खुर्च्यांचं म्हणाल तर आमच्या वेळी आम्हीच लावायचो. पण पुढच्या वेळी खुर्च्या लावून झाल्या की त्यातल्याच पहिल्या रांगेतल्या एकीवर बसून बघा.

प्रश्न : तुम्ही सगळ्या परदेशी बायांची नावं घेऊन राहिल्या. आपल्या नागपूरच्या कमलाताई होस्पेट यांना विसरल्या काय? माझा जन्म मातृसेवा संघातला.
– एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : काका, विसरले नाही. कमलाताई व्यावसायिक संघटनेच्या नेत्या म्हणून नाही, तर संस्था उभारणाऱ्या म्हणून मोठ्या, म्हणून वरच्या यादीत आल्या नाहीत. १८९६ मध्ये खानदेशात शिरपूरला जन्म, कोवळ्या वयात वैधव्य, मग नागपूरच्या डफरिन रुग्णालयात नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षण. त्या काळी विधवेने घराबाहेर पडून परक्या बायकांची बाळंतपणं करायची, जातपात न बघता! १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृसेवा संघ काढला. १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मी नवीन असताना आमच्या लेबर रूममध्ये एक म्हाताऱ्या आया होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी आधी मातृसेवा संघात काम केलं होतं. बाळ बाहेर आलं की त्या आधी आईकडे बघायच्या, मग बाळाकडे. मी काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बाळाकडे बघायला सगळे आहेत बाई." ही शिस्त तिथलीच का, ते विचारायचं राहून गेलं.

तुमच्या जन्माची नोंद हवी असेल तर संस्थेत जाऊन चौकशी करा. साल आणि आईचं नाव सोबत न्या.

(मानेवाड्याच्या सिस्टर, निकाल लागला की खजिनदार कोण झाली ते कळवा.)