तुरुंगात घोड्यांची निगा शिकलेल्या माणसाला बाहेर काम मिळेल का?

कैद्यांना तुरुंगातच घोड्यांची देखभाल शिकवली, तर सुटल्यावर त्यांना कोणी तबेल्यात उभे करील का, असे आपण विचारले आहे. वाई तालुक्यात आमच्या घरी वरातीचे आणि पाचगणीच्या टेबललँडवर फिरवायचे घोडे आहेत. मी असा माणूस ठेवला आहे आणि त्यावरून थोरल्या बंधूंशी माझे आजही पटत नाही.

शिक्षा भोगून आलेल्या त्या माणसाला मी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, म्हणून घेतले, तेव्हा घोडा रक्तात असावा लागतो, असे बंधूंनी ऐकवले होते. पुढे एक घोडी नाल बदलल्यावर लगेचच पुढच्या पायाने लंगडू लागली. बंधूंनी खांदा आखडल्याचे निदान करून तेल चोळायला घेतले. त्या माणसाने मात्र दोन्ही खुरांवर हाताची पाठ टेकवून पाहिली. एक खूर गरम लागला. मग लहान हातोडीने तो एकेका खिळ्यावर हलके ठोकत गेला आणि टाचेकडच्या खिळ्याशी येताच घोडीने पाय ओढून घेतला. खिळा उपसल्यावर मागोमाग काळपट पू आला. खूर मिठाच्या कोमट पाण्यात शेकला, डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि घोडी सावरली. बंधू याला अजूनही योगायोग म्हणतात. ही नजर आणि ठरल्या वेळी चंदी (घोड्याचा दाणा), पाणी, खरारा (ब्रशाने अंग घासणे) करण्याची शिस्त रक्तातून येत असती, तर पिढीजात घोडेवाल्यांच्या जनावरांच्या पाठी खोगिराने सोलल्या नसत्या.

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल तुरुंगात १९८४ पासून शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे कैद्यांच्या हाती दिले जातात. आपल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला तर औंध संस्थानाने १९३९ मध्येच कैद्यांची खुली वसाहत वसवून त्यांना शेतीला लावले होते. तेव्हा विश्वास टाकण्याची गोष्ट या भागाला नवी नाही.

अर्थात मुक्या जनावरावर हात उगारणाऱ्याला, तो कैदी असो वा घरचा, दावणीजवळ फिरकू देऊ नये. शिवाय पावसाळ्यात पाचगणीचे गिऱ्हाईक आटते, चंदीचा खर्च मात्र चालूच राहतो, त्यामुळे नुसत्या मोतद्दाराला बारमाही पगार देणे मालकाला जड जाते. प्रशिक्षण द्यायचेच असेल, तर नालबंदीसह द्यावे. आमच्याकडे नालबंदासाठी गावोगाव निरोप धाडावे लागतात, आणि तो आला की त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी खुद्द बंधूही करीत नाहीत.